वय सोडून काहीही विचारा

आमच्या कनेक्टिकट राज्यात एक फार प्रेमळ कायदा आहे. नोकरीच्या अर्जावर मालकाने उमेदवाराचं वय विचारायचं नाही. जन्मतारीख विचारायची नाही. शाळा कोणत्या साली सुटली, कॉलेज कोणत्या साली संपलं, तेसुद्धा नाही. उगाच कुणी बोटं मोजून हिशेब काढायला नको. हा कायदा पास झाला त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा मला नोकरी होती ना! नोकरी असली की माणसाला सगळेच कायदे गोड लागतात.

मग आमची कुलुपांची कंपनी उठून टेनेसीला गेली. मी तिथे सत्तावीस वर्षं तक्रार विभागात होते. कुलूप उघडत नाही म्हणून लोक फोनवर मला शिव्या घालायचे आणि मी त्यांचं ऐकून घ्यायचे. निरोपाला केक कापला, एक मोठं शोभेचं कुलूप हातात दिलं, आणि झालं. किल्ली द्यायला विसरले ते विसरलेच.

नोकरी गेली त्याचं दुःख मी आठवडाभर केलं. खरी धडकी भरली ती विम्याच्या कागदामुळे. मला साखर आहे. रोज इन्सुलिन टोचावं लागतं, आणि आमच्या देशात विम्याशिवाय इन्सुलिन घ्यायचं म्हणजे घर विकायला काढायचं. सरकारी विमा मिळतो पासष्टाव्या वर्षी. माझा नवरा कॅझ अडुसष्टचा, त्याचं सगळं सरकार बघतं. मी बासष्टची. जुन्या कंपनीचा लांबवलेला विमा मार्चअखेर संपणार होता आणि बाजारातल्या विम्याचा हप्ता ऐकून कॅझने टोपी काढून ठेवली होती. थोडक्यात काय, मार्चच्या आत मला विमा देणारी नोकरी हवी होती. नाहीतर पुढची तीन वर्षं काढायची कशी, हा प्रश्न मी रात्री छताला विचारायचे.

रोजगार कार्यालयाने मला एका शिबिराला पाठवलं. आमच्या न्यू ब्रिटन शहराच्या ग्रंथालयाच्या तळघरात, लोखंडी खुर्च्यांवर आम्ही सगळी पिकली पानं बसलेलो. शिकवायला डस्टिन नावाचा मुलगा. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि या पठ्ठ्याच्या पायात मोज्यांशिवाय बूट.

"कायदा तुमच्या बाजूने आहे!" तो म्हणाला. "तुमचं वय कुणीही विचारू शकत नाही. तुम्ही फक्त एवढंच करायचं. वय सांगायचं नाही. वय दिसू द्यायचं नाही. आणि वय आहे असं वाटू द्यायचं नाही."

"एवढंच ना?" माझ्या मागून एक निवृत्त छपाईवाला म्हणाला. "मग श्वास घ्यायचा की तोही नाही?"

डस्टिनला विनोद कळला नाही. त्याने माझा बायोडेटा उचलला आणि लाल पेन घेऊन त्यावर आडवी रेघ मारली. इकडे आमच्यात हा नियमच आहे म्हणे, गेल्या पंधरा वर्षांच्या आधीचं काही लिहायचं नाही. जुनं लिहिलं की वय उघडं पडतं.

"अरे पण त्यात माझी दुकानातली नोकरी जाईल," मी म्हटलं. "मेन स्ट्रीटवर होतं ना, कुबड्या, पट्टे, कमोडच्या खुर्च्या विकायचं दुकान. पाच वर्षं मी गल्ल्यावर होते."

"कोणत्या साली?"

"चौऱ्याऐंशीपासून."

डस्टिनने छातीवर हात ठेवला. "बर्निस, त्या साली माझी आई बालवाडीत होती."

"मग तिला माझा नमस्कार सांग."

पण रेघ मारली ती मारलीच. त्यापुढे सासूबाईंची नऊ वर्षं होती. त्या आमच्याकडेच अंथरुणाला खिळल्या होत्या. नोकरी सांभाळून त्यांचं सगळं मी केलं, आंघोळीपासून औषधापर्यंत. ते मी मोठ्या अभिमानाने 'इतर अनुभव' म्हणून लिहिलं होतं. डस्टिन म्हणाला, ते तर मुळीच नको, सासू म्हटली की वय आलंच. माझा ईमेलसुद्धा त्याला म्हातारा वाटला, तो बदलून घेतला. शेवटी माझं अख्खं आयुष्य अर्ध्या पानात मावलं आणि खाली जागा उरली. तिथे त्याने आपल्या हाताने लिहिलं, 'अत्यंत उत्साही.'

केसांचं काम ब्रॉड स्ट्रीटवरच्या वांडाने केलं. तिच्या पार्लरच्या काचेवर पाटीच लागली होती, 'मुलाखत पॅकेज: रंग, कापणे, भुवया.' वांडाकडे रंग एकच, काजूच्या सालीसारखा तांबूस. माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नव्हते, पण तासाभरात त्या सगळ्या वर्षांवर तिने ब्रश फिरवला. आरशात बघितलं तर माझी मावसबहीण वाटले, ती पण लग्नाच्या आधीची.

घरी आल्यावर कॅझने पेपर खाली केला. "कोण पाहिजे आपल्याला?"

"गप बस."

"नाही, बायको बाहेर गेलीये म्हणून विचारलं. तुम्ही बसता का जरा?"

आठवडाभरात मला जाहिरात सापडली. शहराबाहेर एक कंपनी होती, म्हाताऱ्या माणसांना लागणारं सामान विकायची. वॉकर, काठ्या, न्हाणीघरात भिंतीला लावायच्या दांड्या, उंच कमोड. ग्राहकांशी फोनवर बोलायला एक माणूस हवं होतं. एकच जागा. आणि खाली ठळक अक्षरात, 'विमा पहिल्या दिवसापासून, कुटुंबासह.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. अर्जावर वय विचारलं नव्हतं, शाळेचं साल विचारलं नव्हतं. कायदा म्हणजे कायदा! मी माझं अर्धं पान जोडलं आणि पाठवून दिलं. चारच दिवसांत बोलावणं आलं.

मुलाखतीच्या दिवशी रस्त्यावर बर्फाचा नुसता चिखल झाला होता, म्हणून कॅझने गाडी काढली. कॅझ शाळेची बस चालवायचा. गुडघा बदलल्यापासून तो घरी सोफ्यावर बसून टीव्हीतल्या बातमीदारांना रागावण्याचं काम करतो. हातात वॉकर, डोक्यात कानटोपी, स्वेटरवर सकाळच्या पोन्चकीची, म्हणजे आमच्या पोलिश डोनटची, साखर. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू व्हायचे होते, तेव्हा पोन्चकी खाऊन घेणं हे तो धर्मकार्य समजतो.

"तू गाडीतच बस," मी बजावलं.

"हीटर बिघडलाय. गोठून मरू का?"

"मग आत कोपऱ्यात बस. आणि माझी ओळख दाखवू नकोस. तुला बघितलं की माझं वय कळेल."

"म्हणजे मी तुझा जन्मदाखला झालो म्हण की."

आत बाकावर अजून दोन बायका बसल्या होत्या. दोघींचे केस काजूच्या सालीसारखे तांबूस. आम्ही तिघींनी एकमेकींच्या डोक्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. वांडाचा धंदा जोरात होता तर!

मुलाखत घेणारा मालक टकर. आजोबांची कंपनी त्याच्याकडे आलेली, वय असेल तिशीच्या आतबाहेर. (कायदा त्याला लागू आहे, मला नाही.) त्याच्या शेजारी ग्रेचेन, एचआर विभागाची. तिच्यासमोर एक लाल कार्ड होतं, न विचारायच्या प्रश्नांचं. वकिलाने म्हणे तिला चांगलीच तंबी दिली होती, की अर्जावर काय, तोंडीसुद्धा वयाच्या आसपास फिरकू नका. टकर घसरायला लागला की ग्रेचेन खोकायची. अर्ध्या तासात ती इतकी खोकली की मला वाटलं हिलाच आधी विमा लागेल.

"आमचे ग्राहक जरा..." टकरने सुरुवात केली, "जरा अनुभवी असतात."

खोकला.

"म्हणजे सर्व प्रकारचे असतात. तर बर्निस, तुम्हाला कधी घरी कुणाचं करावं लागलंय? म्हणजे उठवणं, बसवणं, आंघोळ वगैरे?"

अस्सं! मी मनात म्हटलं, बच्चमजी, डाव कळला. घरात अंथरुणावरचं माणूस म्हणजे नव्वदीची सासू, आणि नव्वदीची सासू म्हणजे सून साठीची. मी काय काल जन्मले? "छे हो!" मी हसून म्हटलं. "आमच्याकडे सगळे ठणठणीत. मला तर दवाखान्याचा वास कसा असतो तेही माहीत नाही."

टकरचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, फसला बिचारा.

"बरं, समजा एखादी बाई फोनवर म्हणाली, माझा फोन भिंतीवर आहे, त्याची वायर न्हाणीघरापर्यंत पोचत नाही. तर तुम्ही..."

"फोन भिंतीवर?" मी डोळे मोठे केले. "भिंतीवर कशाला कुणी फोन लावेल?"

माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर हिरवा फोन आहे. आजही वाजतो. पण ते याला कशाला सांगू?

टकर पुढे झुकला. आवाज खाली आणून म्हणाला, "बघा, मला विचारायचं नाहीये, पण तुम्हाला स्वतःहून सांगावंसं वाटलं... गुडघ्यांबद्दल..."

ग्रेचेनने टेबलाला धरून खोकून घेतलं.

"गुडघे? माझे?" मी म्हटलं. "रोज सकाळी धावते मी." शेवटची धावले होते ती बस सुटत होती म्हणून, आणि बस सुटलीच होती.

"आणि दहा वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"डोंगरावर!" हे डस्टिनने पाठ करून घेतलं होतं.

टकरने खुर्चीला पाठ टेकली. त्याचं तोंड पार सुकलं होतं. त्याचा चेहरा जसजसा पडत होता तसतसा मला चेव चढत होता. नाही सापडलं ना माझं वय? बसा आता खोकत दोघं!

तिघं बाहेर आलो, तर बाहेरच्या टेबलावरची मुलगी जेवायला गेलेली आणि तिच्या खुर्चीत कॅझ. कानाला फोन. त्याचं असंच आहे, वाजता फोन त्याला बघवत नाही. चर्चमध्ये पाद्र्याचा वाजला असता तरी त्याने उचलला असता.

"अहो बाई, मी सांगतो ते ऐका," तो फोनवर भांडत होता. "उंच कमोडला तुमच्या मिस्टरांनी नावं ठेवली ना, तशीच मीही ठेवली होती. सिंहासन म्हणून हसले सगळे मला. आता उठताना शिव्या येत नाहीत तोंडात. काय? नाही, रडता कशाला? माझ्या बायकोला विचारा किती हसली होती ते. हां, हसलात ना? हात टेकून बसायला सांगा त्यांना. आणि घाई नको. घाई कसली आलीये, आपल्याला कुठे बस पकडायचीये?"

टकर जागच्या जागी उभा राहिला. ग्रेचेनसुद्धा खोकायचं विसरली. पलीकडच्या खोलीत पाच-सहा पोरं-पोरी कानाला यंत्रं लावून ओरडत होती, "मॅडम, मॅडम, ऐकू येतंय का? बटण दाबा, बटण!" त्या गोंगाटात कॅझ बाईंशी गावगप्पा केल्यासारखा बोलत होता.

"हे गृहस्थ तुमच्याबरोबर आलेत का?" टकरने मला विचारलं.

अर्धं पान, केसांचा रंग, डोंगर, सगळं या कानटोपीवाल्यामुळे पाण्यात जाणार. नवरा म्हणावं तर संपलं. अनोळखी म्हणावं तर आत्ताच तो फोनवर हात ठेवून मला "बर्नी, झालं का?" म्हणाला होता.

"वडील आहेत माझे," मी म्हटलं.

कॅझने फोन हळूच खाली ठेवला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण एवढं टक लावून त्याने माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. टकरने त्याचा हात हातात घेतला, नाव विचारलं, आणि नंबर लिहून घेतला. आडनाव एकच असल्यामुळे ते खपूनही गेलं.

गाडीत बसल्यावर कॅझने आरसा नीट केला, बाहीने काच पुसली. मग म्हणाला, "पोरी, पट्टा लाव."

"कॅझ, मला दुसरं काही सुचलं नाही रे."

"नाही, नाही, चुकलं माझंच. लेकीला लहानपणी दोन द्यायला हव्या होत्या."

मला हसू येत होतं आणि रडूही. त्याला लागलं होतं, ते मला दिसत होतं. पण मार्च तोंडावर आला होता, आणि मी मनाशी म्हटलं, नोकरी लागली की याची मनधरणी करायला जन्म पडलाय.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी माझं उत्तर आलं. 'आपला उत्साह आम्हाला आवडला. तथापि या कामासाठी लागणारा जीवनानुभव आपल्याकडे सध्या कमी पडतो. काही वर्षांनी अवश्य पुन्हा अर्ज करावा.' मी ते पुन्हापुन्हा वाचलं. काही वर्षांनी! माझ्या मांडीवर टोचल्याचे डाग होते, फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या मोजक्या बाटल्या होत्या, आणि हे मला मोठी हो म्हणत होते. मी त्या कागदावर इतकी ओरडले की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. टकर होता. कॅझसाठी.

कॅझने ऐकून घेतलं, हं हं केलं, आणि मग म्हणाला, "नको रे पोरा. मी बसलोय तो बरा आहे. विमाही नको, माझं सरकार बघतं." आणि तो फोन ठेवायला निघाला. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. नुसती त्याच्याकडे बघत राहिले. कॅझला सगळं समजतं, फक्त उशिरा समजतं.

"थांब रे," तो फोनमध्ये म्हणाला. "कुटुंबासह म्हणजे बायकोलाही चालतो ना विमा?... अस्सं. मग येतो उद्यापासून."

मी त्याच्या गळ्यात पडले. खरंच पडले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, पण विमा तो विमा, कुणाच्या का दारातून येईना. त्या रात्री आम्ही सॉसेज आणि कोबी केला आणि बियर उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेचेनचा फोन आला, कागदपत्रं घेऊन या म्हणून. गेले तर टेबलापलीकडे ती, अलीकडे कॅझ, मान खाली घालून, शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"कॅसिमिर," ग्रेचेन कॅझला म्हणाली, "तुम्ही बायकोचं नाव बर्निस लिहिलंय. आणि आमच्या माहितीप्रमाणे तुमच्या मुलीचं नावही बर्निस."

"आमच्या पोलिश लोकांत असतं तसं," कॅझ म्हणाला. "आईचं नाव मुलीला."

"आणि त्या मुलीचाही फोन नंबर तोच? घराचा पत्ता तोच?"

"फार प्रेमळ मुलगी आहे."

"पुरे झालं!" मी म्हटलं. पर्समधून लायसन्स काढलं, चर्चचा लग्नाचा दाखला काढला, आणि दोन्ही तिच्यापुढे आपटले. "मीच बायको. मुलगीबिलगी कुणी नाही. बासष्ट वर्षांची आहे मी."

ग्रेचेनने चटकन डोळ्यांवर हात घेतला. "नको! जन्मतारीख झाका! आम्ही विचारलेलं नाही, आम्ही ऐकलेलं नाही!"

"अगं बाई, मी आता उमेदवार नाही. तूच नाही का मला नापास केलंस? मी कर्मचाऱ्याची बायको आहे."

तिने बोटांच्या फटीतून बघितलं. जरा विचार केला. "बायकोचं वय विचारता येतं," ती म्हणाली आणि एकदम मोकळी झाली. खणातून विम्याचा फॉर्म निघाला. त्यात माझं वय तीन ठिकाणी विचारलं होतं. वर शीर्षक होतं, 'अवलंबित व्यक्ती.' कॅझ पासष्टचा होईपर्यंत माझ्या विम्यावर या रकान्यात त्याचं नाव होतं. मी पेन घेतलं आणि भरून टाकलं.

आवाज ऐकून टकर आला. झाला प्रकार ग्रेचेनने सांगितला, तसा तो माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघायला लागला.

"पण तुम्ही तर म्हणालात, दवाखान्याचा वास माहीत नाही!"

"नऊ वर्षं सासूबाईंचं केलं मी. त्यांना उचलून-उचलून माझी पाठ गेलीये. आणि तू जे सामान विकतोस ना, ते मेन स्ट्रीटवरच्या दुकानात मी पाच वर्षं विकलंय. घरी भिंतीवर फोन आहे, हिरवा. आणि डोंगर मी कॅलेंडरवर बघते!"

टकर मटकन खुर्चीत बसला. "देवा रे! मला नेमकं असंच माणूस हवं होतं. आमची पोरं फोनवर ओरडतात आणि तिकडे ग्राहक रडतात. कुणीतरी वयाने मोठं मिळावं म्हणून मी ही जागा काढली. त्या दिवशी आलेल्या तिघी, तिघी सकाळी धावत होत्या!"

"मग सरळ विचारलं का नाहीस?"

"विचारता येत नाही! तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस म्हणून."

पलीकडच्या खोलीतून तेवढं "बटण, मॅडम, बटण!" ऐकू येत होतं.

"मग आता घे तिला," कॅझ म्हणाला. "मी जातो घरी. तिच्याइतकं मला थोडंच कळतं?"

"जागा एकच होती," ग्रेचेन म्हणाली, तिचा आवाज खरोखर पडला होता. "आणि तुम्ही राजीनामा दिलात तर जाहिरात पुन्हा काढावी लागेल. अर्ज, मुलाखती, वकिलाची मंजुरी. मे उजाडेल."

मार्च संपायला नऊ दिवस उरले होते. कॅझने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि त्याने सही केली.

परतताना तो म्हणाला, "मला नको होती गं ही नोकरी."

"माहितीये."

"तुला हवी होती."

"मला विमा हवा होता," मी म्हटलं. खोटं बोलले. मला नोकरीच हवी होती. सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं, कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकायचं होतं, बाई तुमच्यामुळे काम झालं असं ऐकायचं होतं. ते सत्तावीस वर्षं ऐकलेले कान असे एकदम कसे गप्प बसतील? मला इतका राग आला होता की खिडकीची काच खाली केली आणि बर्फाळ वारा तोंडावर घेतला. राग कुणाचा, ते मात्र धड ठरवता येईना. टकरचा, डस्टिनचा, आमदारांचा, की माझाच.

आता सकाळी मी कॅझला डबा करून देते. तो कुरकुरत जातो आणि शीळ घालत परत येतो. माझं इन्सुलिन वेळेवर येतं. तक्रार करायला जागा नाही, सगळे म्हणतात, आणि खरंच नाही.

परवा अकराच्या सुमाराला भिंतीवरचा फोन वाजला. कॅझ होता, धापा टाकत. "बर्नी, मेरिडनहून एक बाई आहेत. मिस्टर न्हाणीघरात पडलेत, टबाच्या आणि कमोडच्या मधे. शुद्धीवर आहेत, दुखत कुठे नाही म्हणतात. पण शेजाऱ्यांना बोलवू देत नाहीत, ॲम्ब्युलन्सला नाही म्हणतात, लाजतायत. बाई फार घाबरल्यात. मला काही सुचत नाही गं. जोडून देऊ?"

"जोड."

खरखर झाली आणि मग एक बारीक, घाबरलेला आवाज आला. मी नाव सांगितलं. म्हटलं, त्यांना ओढायला जाऊ नका, हात तर मुळीच धरू नका, आधी एक भक्कम खुर्ची आणा.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी पुरुष कण्हत होता.

"ताई, रागावू नका," ती शेवटी म्हणाली. "मघापासून तीन पोरींशी बोलले मी, तिघी मला काहीतरी दाबायलाच सांगतात. आधी एक सांगा. तुमचं वय काय हो?"

"बासष्ट," मी म्हटलं.

"हां, मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा सरळ झाला. "थांबा, खुर्ची आणते."